बैठकीच्या मापाची काठी

आमच्या आबांकडे गळाच्या दोन काठ्या होत्या. एक आठ हातांची, काठावर उभं राहून टाकायची. दुसरी जेमतेम तीन हातांची, ट्यूबवर बसून वापरायची. एरंडोलच्या आमच्या जुन्या घरात दोन्ही माळवदाच्या सरांना आडव्या टांगलेल्या असत. लहानपणी मला वाटायचं, मोठी काठी मोठ्या माशासाठी आणि छोटी छोट्यासाठी. प्रत्यक्षात घरी आलेला सगळ्यात मोठा कटला त्या तीन हाती काठीवरच आला होता. ते कोडं सुटायला मला पुढे वीस वर्षं लागली, आणि सुटलं ते साडेसातशे किलोमीटरवर, खाऱ्या पाण्यात.

गेली दहा वर्षं मी मालवण तालुक्यातल्या देवबागला कयाकवरून मासेमारीला पाहुणे नेतो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, असं हे गाव. टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे दिसतं. ऑक्टोबर ते मे माझं काम इथे. पावसाळ्यात समुद्र कयाकसारख्या नावेला जवळ करत नाही, तेव्हा मी घरी येतो. येणारा प्रत्येक नवा पाहुणा एक प्रश्न विचारतोच: "रॉड कोणता घेऊ?" बहुतेकांनी कंपन्यांची नावं पाठ केलेली असतात, माशांची नावंही पाठ असतात. मी त्यांना उलट विचारतो, "तुमची कयाक किती फुटी? आणि बसता कुठे?" याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं.

हा उलटा प्रश्न माझा नाही, आबांचा आहे.

एरंडोल तालुक्याच्या कडेने गिरणा वाहते. उत्राणच्या बाजूला पावसाळ्यानंतर तिचे डोह भरलेले राहायचे. वरच्या धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटलं की पाणी हलायचं, एरवी संथ. समुद्राची भरती-ओहोटी आम्हाला ऐकून ठाऊक. आमची भरती म्हणजे आवर्तन. पाणी हललं की मासा चरायला निघतो, हे आबांचं पहिलं सूत्र, आणि ते कर्लीच्या मुखाशीही जसंच्या तसं लागू पडलं.

आबांची नाव म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब. मधल्या पोकळीवर सुतळीची जाळी विणलेली, त्यावर गोणपाटाची घडी. त्यात बसलं की पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, पाणी कमरेला लागलेलं. दोन्ही हातांत लाकडी फळकुटं, तीच वल्ही. अशा ट्यूब आणि थर्माकोलचे तराफे महाराष्ट्रातल्या धरणांवर आजही दिसतात, कारण होडीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. मला आबा मांडीवर घेऊन बसत. जाकीट वगैरे काही नसे. ते आज आठवलं की अंगावर काटा येतो, आणि माझ्या कयाकवर जाकिटाशिवाय मी कुणालाही चढू देत नाही, त्याचं मूळ तिथेच आहे.

काठी निवडायला आबा बुरूड आळीत जात. सातपुड्यात मिळणारा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, जाड भिंतीचा आणि चिवट. आबा ढिगातली एकेक काठी उचलत. आधी पेरं बघत: जवळजवळ पेरं असलेला बुडखा हवा, शेंड्याकडे लांब पेर हवं. मग बुडखा पायाच्या अंगठ्याशी टेकवून शेंडा हळूहळू वाकवत आणि सोडून देत. परत सरळ होताना काठी थरथरत राहिली तर बाजूला ठेवत. एका झटक्यात सरळ होऊन गप्प झाली तर ती घेत. मी रंग बघून एखादी सुंदर पिवळी काठी पुढे केली की म्हणत, "डोयाले नको, हातले इचार." डोळ्याला नको, हाताला विचार. काठी थंडीत तोडलेली आहे ना, हेही विचारत. थंडीत बांबूत पिठूळ अंश कमी असतो, म्हणून कीड कमी लागते. घरी आणल्यावर सावलीत वाळवायची, चुलीच्या आचेवर बाक काढायचा आणि जवसाचं तेल पाजायचं.

हा बांबू आपल्या घरापुरता नव्हता, हे मला पुढे कळलं. ज्या जातीला आपण मानवेल म्हणतो, तोच बांबू एकोणिसाव्या शतकात 'कलकत्ता केन' या नावाने परदेशी जात होता. इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर तो चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून गळाच्या काठ्या बनवत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि १९७०च्या दशकात ग्राफाइट, म्हणजे कार्बनचा तंतू. आज दुकानात जो रॉड झटक्यात सरळ होऊन गप्प होतो म्हणून महाग मिळतो, त्यात लोक तोच गुण शोधतात जो आबा अंगठ्याशी बुडखा टेकवून शोधायचे.

आता माझी चूक सांगतो. खरं तर दोन चुका, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट.

देवबागला आलो तेव्हा मी आबांना विसरलो होतो. समुद्र मोठा, मासा मोठा, तर काठी मोठी, असा सरळ हिशेब केला. मुंबईतल्या एका दुकानातून दहा फुटी रॉड घेतला. दुकानदार म्हणाला, समुद्रासाठी हाच. त्याचं खोटं नव्हतं. किनाऱ्यावर उभं राहून लाटांच्या पलीकडे शिसं फेकायचं तर लांब काठीच लागते. पण मी किनाऱ्यावर उभा राहणार नव्हतो, मी पाण्यापासून वीतभर उंचीवर बसणार होतो. हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

डिसेंबरातली सकाळ होती. भरती चढत होती. खडकाजवळ गळाला तांबोशी लागली. तांबोशी लागली की पहिला धक्का खडकाकडेच असतो, तिला तिथून ओढून काढावं लागतं. काढली. दहा मिनिटांत ती थकून कयाकच्या बाजूला आली, बरोबर माझ्या खाली. आता हात घालून दोरी धरायची, एवढंच उरलं. पण काठीचं टोक माझ्यापासून नऊ-साडेनऊ फुटांवर! दोरी हाताशी यायची तर काठी उभी करावी लागते. उभी केली तर टोकाचा भाग वरून खाली कोयंडीसारखा दुमडतो आणि सगळा भार त्या वीतभर भागावर येतो. जवळच्या होडीतून आमचे घरमालक काका ओरडले, "काठी उबी करू नको रे, आडी धर!" तोवर उशीर झाला होता. कट् असा कोरडा आवाज झाला. काठीचे दोन तुकडे, तांबोशी गेली.

त्या रात्री मला माळवदाला टांगलेल्या दोन काठ्या आठवल्या. लांब काठी काठावरची, छोटी ट्यूबवरची. उत्तर घरातच होतं असं वाटलं आणि मी लगेच दुसऱ्या टोकाला गेलो: साडेपाच फुटी रॉड घेतला. मासा हाताशी यायला लागला, दोरी हातात येऊ लागली, मी खूश. महिनाभराने कर्लीच्या मुखाशी जिताडा लागला. इकडे त्याला चोणाक म्हणतात. तो उजवीकडून थेट कयाकच्या नाकाखालून डावीकडे निघाला. अशा वेळी काठीचं टोक पाण्याला टेकवून नाकाला वळसा घालून दोरी पलीकडे न्यायची असते. मी पुढे वाकलो, हात लांब केला, पण काठी नाकापर्यंत पोचली नाही. सरळ असताना कदाचित पोचली असती. पण मासा ओढत असताना काठी वाकलेली असते, आणि वाकलेली काठी मापाने आखूड होते. दोरी कयाकच्या तळाला घासली. प्लास्टिकच्या तळावर वाळूने पडलेले ओरखडे करवतीसारखे असतात. दोरी तुटली.

ती तुटकी दोरी बोटाला गुंडाळून मी किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. मग आबांचं एक वाक्य आठवलं, जे मी ऐकून सोडून दिलं होतं. मी एकदा विचारलं होतं, ही काठी एवढीशी का? ते म्हणाले होते, "काठी टूबनी कडले पोचाले पायजे." काठी ट्यूबच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. त्यांनी "छोटी घे" असं कधीच म्हटलं नव्हतं. ट्यूब गोल, कड हातभरावर, म्हणून तीन हातांची काठी पुरत होती. माझी कयाक अकरा फुटी, बैठकीपासून नाक सहा फुटांवर. माझं माप वेगळं होतं. मी आबांची काठी उचलली, त्यांचा नियम उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कयाक वाळूवर ओढली. आत बसलो, हात पुढे केले आणि दोरीने माप घेतलं: मुठीपासून नाकाच्या पलीकडे वीतभर. त्यात वाकण्यासाठी फूटभर मिळवलं, मुठीच्या मागचा दांडा धरला. हिशेब सात फुटांच्या आसपास आला. तेव्हापासून माझ्याकडच्या सगळ्या काठ्या साडेसहा ते सात फुटांच्या आहेत. जगभर कयाकवरून मासे धरणारे लोकही याच मापाशी येऊन थांबलेले आहेत, कारण नावांची लांबी सगळीकडे साधारण सारखीच.

कयाक ही मुळात अंगाच्या मापानेच बनायची. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी घडवली: वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. नावेची लांबी मालकाच्या पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट धरायची, बैठक त्याच्या कमरेच्या मापाची. एकाची नाव दुसऱ्याला नीट बसत नसे. हे वाचलं तेव्हा मला आबांच्या ट्यूबवरची ती सुतळीची जाळी आठवली. ती त्यांनी स्वतः बसून बसून घट्ट-सैल केली होती. दुसऱ्याची ट्यूब वेगळी विणलेली असे.

लांबी ठरली की बाकीच्या गोष्टी ओळीने ठरत जातात.

पहिली, काठीचा जोर. नवे लोक अतिशय कडक काठी मागतात. पण कयाक हलकी असते, मोठा मासा लागला की तो कयाकसकट माणसाला ओढत नेतो. ट्यूबवर हे मी आबांच्या मांडीवर बसून अनुभवलं आहे: कटल्याने आम्हा दोघांना डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि आबा नुसते काठी आडवी धरून बसले. मासा नाव ओढतो तेव्हा नावच त्याला दमवते. म्हणून मधल्या जोराची, बुडख्याकडे भक्कम आणि वरचा तिसरा भाग लवणारी काठी घ्यावी. खडकात शिरणाऱ्या तांबोशीला रोखण्याइतका बुडखा हवा, बस.

दुसरी, काठी कशाची. निव्वळ ग्राफाइट हलकं आणि हाताला खबर देणारं असतं. तळाशी शिसं खडकावर आहे की चिखलात, ते कळतं. पण ते ठिसूळही असतं. कयाकच्या कडेवर एकदा जोरात आपटलं तरी आत बारीक चीर जाते आणि महिन्याने भर माशावर काठी तुटते. फायबर जड, पण मार सोसणारं. पाहुण्यांसाठी मी दोन्हींची मिसळ असलेले रॉड ठेवतो. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: कार्बनमधून वीज वाहते. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून आले, दूर कुठे कडकडलं, की काठ्या खाली आणि कयाक किनाऱ्याला. यात माझ्याकडे कुणालाही सवलत नाही.

तिसरी, कड्या. काठीवर दोरी ज्या गोल कड्यांतून जाते त्यांच्या आत चिनी मातीसारखं कडक अस्तर असतं. खाऱ्या पाण्यात हलक्या प्रतीची कडी एका हंगामात गंजते. त्याहून वाईट म्हणजे अस्तराला गेलेली केसाएवढी चीर. ती दिसत नाही, पण विणलेली दोरी कापते. तिची परीक्षा करायला मी एरंडोलहून येताना घरच्या कपाशीचा मूठभर कापूस आणतो. बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. तंतू अडकला की चीर आहे, कडी बदलायची. दुकानात काठी घेतानाही हे करा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

चौथी, मूठ. मागचा दांडा लांब असेल तर तो जाकिटात अडकतो, आणि वल्हं टाकून घाईने काठी उचलताना नेमका तेव्हाच अडकतो. कोपरापर्यंत पोचला की पुरे. पाचवी गोष्ट काठीची नाही, तिच्या बंधाची. रॉड पाण्यात पडला की बुडतो. आबांनी काठीच्या बुडख्याला सुतळी बांधून ती ट्यूबला गाठ मारलेली असे. माझ्या कयाकवर नायलॉनची दोरी आहे, गाठ तीच.

रोज परत आल्यावर काठ्या गोड्या पाण्याने धुवायच्या, कड्यांखाली बोट फिरवून मीठ काढायचं, सावलीत आडव्या टांगायच्या. कामाचा दिवस तिथे संपतो. पाहुण्यांना हे कंटाळवाणं वाटतं. मला तो दिवसातला सगळ्यात शांत वेळ वाटतो.

जिताड्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे हाती आलेला मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. आमच्या कयाकवर मोठा मासा फोटो काढून परत सोडायचा, असा मी दंडक ठेवला आहे. मधल्या जोराची काठी इथेही कामाला येते. अगदी लवणाऱ्या काठीपेक्षा मासा लवकर हाताशी येतो, फार दमत नाही आणि सोडल्यावर जगतो.

जून लागला. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा हा काळ. माझ्या कयाकही शेडमध्ये उलट्या टाकल्या. कुडाळहून कोकण रेल्वेने मुंबई, तिथून जळगावची गाडी, जळगावहून एसटीने एरंडोल. आता जुनं घर पाडून सिमेंटचं झालं आहे, माळवद गेलं, पण तीन हाती काठी मी जपून ठेवली आहे. तिचा शेंडा किडला आहे, बुडखा अजून तसाच भक्कम.

यंदा पुतण्या मागे लागला, काका, मला रॉड आणा, देवबागचा. तेरा वर्षांचा आहे. मी त्याला अंजनी धरणावर घेऊन गेलो. अंगात जाकीट घातलं, ट्यूबमध्ये बसवलं, काठाला दोरी बांधून उथळ पाण्यातच सोडलं. हातात काठी दिली नाही, ज्वारीचं एक लांब धाट दिलं. म्हटलं, बसल्या जागेवरून चहूकडची कड शिवून दाखव. त्याने उजवी कड शिवली, डावी शिवली, मागे वळताना ट्यूब गरकन फिरली आणि धाट लांब पडतंय हे त्याचं त्यालाच कळलं. त्याने ते गुडघ्यावर मोडलं. पुन्हा शिवून पाहिलं. पुन्हा थोडं मोडलं. तिसऱ्यांदा सगळीकडे नीट पोचलं तेव्हा त्याने ते वर करून मला दाखवलं. घरी आल्यावर ते धाट आबांच्या काठीशेजारी ठेवून पाहिलं. चार बोटांचा फरक होता, आणि पुतण्याचा हात आबांच्या हातापेक्षा तेवढाच आखूड आहे.

म्हणून रॉड घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. दुकानात जाण्याआधी आपल्या नावेत बसा. जाकीट घालून बसा. हात पुढे करा आणि मुठीपासून नाकाच्या पलीकडे वीतभर दोरीने माप घ्या, त्यात फूटभर मिळवा, कोपरापर्यंतचा दांडा धरा. ती दोरी खिशात घेऊन दुकानात जा आणि कंपनीचं नाव वाचण्याआधी ती काठीला लावून पाहा.

जाकीट अजून घेतलं नसेल, तर आधी ते घ्या. काठी पुढच्या महिन्यात घेतली तरी चालते.